गॅजिया क्लासिक : जुनं झालं तरी फेकू नका
माझ्या या एस्प्रेसो कॉफी मशीनऐवजी नवीन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, कारण हँडल लावलं की कडेने पाणी गळायचं आणि कपात कमी, ट्रेमध्येच जास्त कॉफी, पण उघडून बघितलं तर ग्रुप हेडचं (जिथे हँडल अडकवतो तो भाग) रबर गॅस्केट दगडासारखं कडक झालेलं, बाकी सगळं धडधाकट. गॅस्केट बदललं, कॉफीवर पाणी सोडणारी जाळी, म्हणजे शॉवर स्क्रीन, घासली (आतला काळा थर बघून कॉफीची इच्छाच गेली राव), डीस्केल केलं म्हणजे आत साठलेले क्षार काढले, गळती बंद! पोर्टाफिल्टर (म्हणजे ते हँडल) 58 मिमीचा, त्यामुळे त्यात बसणाऱ्या कॉफीच्या बास्केट वगैरे सहज मिळतात. जुन्या मॉडेलला प्रेशर जरा जास्तच असतं, ओपीव्हीची (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) स्प्रिंग बदलून 9 बारवर आणलं तर एस्प्रेसोचा शॉट मस्त येतो. वैताग एकच, बॉयलर छोटासा त्यामुळे दुधाच्या वाफेसाठी ताटकळायचं. पंप गेला तरी बदलता येतो, बॉयलरच गंजून गळायला लागला तर मात्र नवीन बघा.