खाली लग्नाचा हॉल, वर अभ्यासकेंद्र: दोन वर्षांचा अनुभव

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंची मुलगी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. दोन वर्षांपूर्वी ताई म्हणाल्या, "काकू, तिला ताळेबंद काही केल्या जुळत नाही. तुम्ही बँकेत होतात ना, जरा येता का सेंटरवर?" मी गेले. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातून रिक्षा करून जाते. मुलांना तिथे घालावं का, देणगी द्यावी का, असं ओळखीचे लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा गोरव्याकडे, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. इमारत दुमजली. खाली वस्तीचा हॉल, त्यातच सकाळी बालवाडी. वर विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र, चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका आणि बारा कॉम्प्युटर. अभ्यासिकेची फी महिना शंभर रुपये. रविवारी संपर्कवर्ग होतात. समाजकार्य शिकणारी मुलं फील्डवर्कला येतात, ती बायकांना रेशनकार्डाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात. पंखे चालतात, पाणी थंड असतं, शिकवणारे वेळेवर येतात.

पण खरी पाहण्यासारखी गोष्ट जिन्याजवळ आहे. तिथे एक काळा फळा टांगलाय आणि त्यावर मागच्या महिन्याचा जमाखर्च खडूने लिहिलेला असतो. गेल्या महिन्याचा मी उतरवून घेतला. खर्च: लाइटबिल ४,३१०, संध्याकाळचा पहारेकरी ६,०००, झाडू-फिनाइल ६४०, नळदुरुस्ती २५०. जमा: हॉलभाडं ७,५००, अभ्यासिका फी ३,७००, दानपेटीतून ८८०. चौतीस वर्षं कॅश काउंटरवर काढल्यामुळे हात आपोआप बेरजेला लागला. शिल्लक ८८० रुपये. म्हणजे पेटीत जेवढे पडले तेवढेच उरले. ती पेटी न भरती तर महिना शून्यावर आला असता. हे वस्तीतल्या प्रत्येकाला दिसतं, आणि मला वाटतं म्हणूनच ती पेटी भरते.

या फळ्याचं मला एवढं का, तर मी पूर्वी पोळलेय. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका केंद्राला वडिलांच्या नावाने अकरा हजार दिले होते. फीत कापली, पाटी लागली, पेढे वाटले. दोन वर्षांनी सहज डोकावले तर दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, कॉम्प्युटरवर चादरी आणि चादरींवर धूळ. शेजारच्या बाई म्हणाल्या, पहारेकऱ्याचा पगार थांबला तेव्हापासून उघडतच नाही. वडिलांच्या नावाची पाटी त्या बंद दारावर पाहून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

इमारतीला पैसा मिळतो. तिच्यात रोज दिवा लावायला मिळत नाही. याचं एक कारण नियमांतही आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, यालाच सीएसआर म्हणतात. इथले कॉम्प्युटर तसेच आले, आणि देणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण त्यात सलग चालणारा प्रकल्प घेतला तरी मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. शिवाय जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरत नाहीत. त्यामुळे कंपनी वस्तू देईल, तीन वर्षं पगारही देईल, पण ठेव ठेवून तिच्या व्याजावर पहारेकरी नेमायची सोय त्या पैशातून होत नाही. महिना सहा हजार म्हणजे वर्षाला बहात्तर हजार. सात टक्के व्याज धरलं तर त्यासाठी जवळजवळ सव्वादहा लाखांची ठेव लागते. केंद्राची ठेव आज तीन लाख आहे. ती आपल्यासारख्यांनीच वाढवायची आहे.

आपल्या बडोद्याला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कळली होती. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पैशाची रीत अशी: गावाने वाचनालयासाठी वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जमवले की तेवढेच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढेच सरकार. प्रांताच्या मुख्य शहरासाठी ही मर्यादा सातशेपर्यंत होती. यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'वर्षाला' हा शब्द. एकदा इमारत बांधून दिली आणि निघून गेले, असं नव्हतं. गावाने पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी काढायची, मग सरकारने पुन्हा आपला वाटा द्यायचा. या केंद्रात त्यातला गावाचा वाटा आहे. बाकीचे दोन वाटे दरवर्षी कोण देणार, हा प्रश्न तसाच आहे.

आता उणीव. हॉल लग्नांना भाड्याने जातो, वस्तीतल्यांना दीड हजार, बाहेरच्यांना साडेचार. त्याच भाड्यावर वरचे दिवे जळतात. पण खाली डीजे लागला की वर टेबलावरचा पेला हलतो. मुक्त विद्यापीठाच्या सत्रअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात. डिसेंबरच्या मध्यावर कमुरतं, म्हणजे धनुर्मास, लागलं की लग्नं थांबतात, खरी रड पहिल्या पंधरवड्याची. पहिल्या वर्षी ताईंची मुलगी कानात कापूस घालून कॉस्टिंगची गणितं सोडवत होती. "काकू, आकडे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत," म्हणाली आणि डोळे भरून आले तिचे. मी कमिटीपुढे गेले. चांगली गोष्ट अशी की त्यांनी ऐकून घेतलं. वाद झाला, कारण एकेका तारखेमागे साडेचार हजार जात होते, आणि एक गृहस्थ म्हणाले तेही खोटं नव्हतं की भाडं बुडालं तर अभ्यासिकाच बंद पडेल. शेवटी ठरलं: परीक्षेच्या दिवसांत बुकिंग घ्यायचं, पण डीजे नाही, रात्री नवापर्यंत फक्त सनई. बुडणारी रक्कम नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री अंगणातल्या स्टॉलच्या भाड्यातून भरून काढायची. गेल्या डिसेंबरात हे पाळलं गेलं. एका वरपक्षाने कुरकूर केली, तेव्हा नवरीच्या वडिलांनीच त्यांना वर नेऊन अभ्यास करणारी पोरं दाखवली.

देणगी द्यायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रक्कम कायम निधीसाठी आहे असं सोबत लेखी द्या, नाहीतर ती चालू खर्चात जाते. आणि करसवलत हवी असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या, रोख दोन हजारांच्या वर दिलं तर देणगीवरची करवजावट मिळत नाही. नवी करपद्धती घेतली असेल तर वजावट तशीही नाही.

मुलांना बेलाशक घाला. पाचपैकी चार तारे. पाचवा अडलाय तो वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह नसल्यामुळे. लग्न असलं की मुलींना वऱ्हाडातून वाट काढत खाली जावं लागतं, आणि कित्येकजणी ते टाळण्यासाठी संध्याकाळभर पाणीच पीत नाहीत. प्लंबरकडून अंदाजपत्रक आलंय. माझ्या ठेवीचं यंदाचं व्याज मी त्यासाठी लिहून दिलंय.