सहा शनिवार, २५०० रुपये आणि वाळपईची बस

फोंड्यातल्या एका संस्थेचा माध्यमिक इंग्रजी शिक्षकांसाठीचा सहा शनिवारांचा वर्ग नुकताच संपवला. फी २५०० रुपये. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चौदा वर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे पत्रकावर 'शिक्षणाचं तत्त्वज्ञान' वाचून आधी जांभईच आली. स्किनर, पियाजे, वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ बी.एड.ला पाठ केले होते. परीक्षा झाली, विसरले.

पहिले दोन शनिवार तसेच गेले. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांची ती बँकेची उपमा: शिक्षकाने माहिती जमा करत राहायचं, मुलांनी खात्यासारखं निमूट घेत राहायचं, आणि हे चुकीचं आहे. सरांनी ती पडद्यावरून वाचून दाखवली आणि आम्ही तीस जण मुकाट्याने उतरवून घेत होतो. मी शेजारणीला कोपर मारलं. तिने माझ्याकडे न बघता वहीचं पान उलटलं.

तिसऱ्या शनिवारी दुसऱ्या बाई आल्या आणि पैसे वसूल झाले. विषय भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंचा बंगळूरचा प्रकल्प, १९७९ ते १९८४. व्याकरणाचे धडे ओळीने न घेता मुलांना इंग्रजीतून सोडवायला कामं द्यायची: नकाशे, वेळापत्रकं. डोकं अर्थ लावण्यात गुंतलं की भाषा मागून येते, हा प्रभूंचा भरवसा. बाईंनी व्याख्यान दिलंच नाही, आगगाडीचं वेळापत्रक हातात देऊन आम्हालाच कामाला लावलं.

सोमवारी मी नववीच्या फळ्यावर कदंब बसच्या वेळा मांडल्या. वाळपईहून निघून अकराच्या आत पणजीत पोचायचं, साखळीला बस बदलायची. वर्षभर तोंड न उघडलेला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "टीचर, बस चुकली जाल्यार?" इंग्लिशमध्ये विचार, म्हटलं. "इफ बस गो, वी गो हाऊ?" वर्ग हसला, पण उत्तर द्यायला तिघं उठले. ते 'गो' सुधारायला माझी जीभ शिवशिवत होती. गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीच्या तासाला त्याच वाक्यावरून 'इफ' घेतला.

एक तक्रार मात्र आहे. आमची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येऊन पडतात. मूल एकट्याने जे करतं आणि कुणाच्या आधाराने जे करू शकतं, त्यामधली जागा वायगॉट्स्की दाखवतात. आमच्या मुलांचा आधार मराठीच. वर्गात ती किती वापरावी, असं मी विचारलं तर "शक्यतो नकोच" म्हणून सरांनी पुढची स्लाइड काढली. गोव्यात वर्ग घेताय आणि हा प्रश्न टाळताय?

जाणार असाल तर तिसरा ते पाचवा शनिवार चुकवू नका. तिथला चहा पाणचट. खालच्या गाड्यावरची पातळभाजी खा. सहाव्या शनिवारच्या समारोपाबद्दल काही सांगू शकत नाही, माझी बस साडेपाचची होती.