शेअर विक्रीचा चुकीचा बेसिस: रिटर्न भरतानाच दुरुस्त करावा की १०४०-एक्स भरून?

अमेरिकेतल्या नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर विकले की पुढच्या वर्षारंभी ब्रोकरचा फॉर्म १०९९-बी (विक्रीचा तपशील) येतो आणि त्यावरचा नफा पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. समजा, १०० डॉलर बाजारभावाचा शेअर ईएसपीपीतून (कर्मचाऱ्यांना सवलतीत शेअर देणाऱ्या योजनेतून) ८५ डॉलरला मिळाला आणि लगेच १०२ डॉलरला विकला. सवलतीचे १५ डॉलर पगारात धरून डब्ल्यू-२ मध्ये (वार्षिक पगारपत्रकात) येतात. तरीही १०९९-बीवर बेसिस (नफा काढताना धरायची खरेदी किंमत) ८५ डॉलरच राहतो, कारण २०१४ पासून घेतलेल्या अशा शेअरांच्या बेसिसमध्ये पगारात धरलेली रक्कम मिळवण्यास ब्रोकरला मनाई आहे. खरा नफा २ डॉलरचा, पण दिसतो १७ डॉलरचा. त्यामुळे सुधारित १०९९-बी मागत बसण्यात इथे अर्थ नाही. खाते दुसऱ्या ब्रोकरकडे हलवताना मूळ किंमत गहाळ झाली असेल, तरच तो मार्ग धरावा.

रिटर्न अजून भरायचे असेल, तर शेअर विक्री नोंदवण्याच्या फॉर्म ८९४९ वरच दुरुस्ती करणे सर्वांत सोयीचे. ‘ई’ रकान्यात ८५ तसेच ठेवावेत, ‘एफ’मध्ये ‘बी’ हा कोड लिहावा आणि ‘जी’मध्ये वजा १५ दाखवावेत; आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) गेलेला आकडा परस्पर बदलू नये. आरएसयूचा (ठरावीक काळ नोकरी केल्यावर हाती येणाऱ्या कंपनीच्या शेअरांचा) बेसिस मात्र बहुधा आयआरएसला कळवलेलाच नसतो आणि १०९९-बीवर तो कोरा किंवा शून्य असतो. तसे असल्यास व्हेस्टिंगच्या (शेअर मालकीचे होण्याच्या) दिवशीचा बाजारभाव थेट ‘ई’ रकान्यात येतो. १०० शेअरांपैकी ३५ करापोटी कापले गेले, तरी उरलेल्या ६५ पैकी प्रत्येकाचा बेसिस तोच भाव असतो. कापलेल्यांची किंमत त्यांच्यावर चढवायची नसते, आणि घोळ नेमका इथेच होतो.

रिटर्न भरून झाले असेल, तर १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्नचा फॉर्म, भरावा लागतो. त्याला सुधारित ८९४९ आणि शेड्यूल डी (भांडवली नफ्याचा गोषवारा) जोडावे लागतात, शिवाय राज्याचा आयकर लागू असल्यास तेही रिटर्न सुधारावे लागते. परताव्यासाठी साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून ३ वर्षे किंवा कर भरल्यापासून २ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल ती मिळते. चार-दोन डॉलरांसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. पण आरएसयूचा बेसिस शून्य धरून कर भरला असेल, तर आळस महागात पडतो. जुन्या वर्षांना हात घालण्यापूर्वी ब्रोकरची पुरवणी विवरणपत्रे उतरवून घ्यावीत, कारण योग्य बेसिस बहुधा त्यांतच असतो आणि नोकरी सुटून खाते बंद झाल्यावर ती मिळवताना नाकी नऊ येतात.