निद्रानाशावरील अ‍ॅक्युपंक्चर : सुईआधीच्या तपासणीचे मोल

निद्रानाशावर अ‍ॅक्युपंक्चरचे उपचार घेऊन झाल्यावर मला सर्वप्रथम लिहावेसे वाटते ते सुया टोचण्यापूर्वी होणाऱ्या तपासणीविषयी. मी ज्या चिकित्सालयात गेले तेथे प्रत्येक बैठकीच्या आरंभी ठरावीक बिंदूंवर दाब देऊन कोणता बिंदू किती हळवा आहे हे पाहतात, त्याची नोंद करतात आणि त्या नोंदीवरून त्या दिवशीच्या सुयांच्या जागा ठरवतात. ही तपासणी इतक्या काळजीने केली जाते की केवळ तिच्यासाठीही या सेवेची शिफारस करावीशी वाटते. मात्र तिच्यातून जे निष्कर्ष काढले जातात त्यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही.

दुखऱ्या जागेलाच उपचाराची जागा मानण्याची परंपरा जुनी आहे. सातव्या शतकातील चिनी वैद्य सुन सिमियाओ यांच्या लेखनात तिचा उल्लेख आढळतो. या चिकित्सालयात मात्र केवळ बोटाच्या अंदाजावर विसंबत नाहीत. अल्गोमीटर नावाच्या दाबमापकाचे साधारण १ चौरस सेंटिमीटरचे रबरी टोक बिंदूवर उभे धरून दाब एकसारख्या गतीने वाढवत नेतात, आणि दाबाची जाणीव वेदनेत बदलू लागते त्या क्षणी रुग्णाने ‘थांबा’ म्हणायचे असते. मिळालेला आकडा जितका लहान, तितका तो बिंदू अधिक हळवा. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला असलेला शेनमेन, त्याच घडीपासून थोडा वर, दोन स्नायुबंधांच्या मधला नेइगुआन, पायाच्या आतल्या घोट्यापासून चार बोटे वर नडगीच्या हाडामागे असलेला सानयिनजियाओ आणि कानामागचा आनमियान हे निद्रानाशात नेहमी वापरले जाणारे बिंदू त्यांनी दोन्ही बाजूंना तपासले. एका मापावर न थांबता मध्ये विश्रांती देऊन माप पुन्हा घेतले आणि सरासरी काढली. पहिल्या दाबाला रुग्ण बिचकतो, त्यामुळे ही पुनरावृत्ती आवश्यकच आहे, आणि ती न कंटाळता केली गेली याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझा आक्षेप यापुढचा आहे. शेनमेन हळवा आढळला की मन अशांत आहे, सानयिनजियाओ हळवा आढळला की अमुक इंद्रियांचा समतोल बिघडला आहे, असे निदान तेथे फार लवकर सांगितले जाते. वास्तविक अपुऱ्या झोपेमुळे वेदना सहन करण्याची मर्यादाच खाली येते, आणि हे केवळ बिंदूंवर नव्हे तर सर्व शरीरभर घडते. शिवाय नडगीच्या हाडालगतची जागा चांगली झोप लागणाऱ्या माणसालाही दाबल्यावर बरीच दुखते. म्हणून बिंदूचा हळवेपणा निद्रानाशाशी खरोखर जोडलेला आहे का हे ठरवायचे असेल, तर बिंदू नसलेल्या शेजारच्या जागेचे मापही त्याच साधनाने, त्याच हाताने घ्यायला हवे. मी विनंती केल्यावर चिकित्सकांनी तसे माप घेतले. पायावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, मनगटावर थोडा फरक दिसला. परंतु ही तुलना माझ्या नोंदपत्रकात लिहिली गेली नाही, आणि सर्वांत उपयोगी माहिती तशीच हरवली.

प्रत्यक्ष सुयांविषयी तक्रारीला जागा नाही. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या होत्या, टोचताना किंचित कळ आली, नंतर त्या जागी जडपणा जाणवला आणि सुया लावलेल्या स्थितीत सुमारे अर्धा तास शांतपणे पडून राहता आले. रक्त पातळ करणाऱ्या औषधांची आणि गरोदरपणाची चौकशी आधीच केली जाते; सानयिनजियाओ हा बिंदू गरोदरपणात परंपरेने टाळला जातो, त्यामुळे ही चौकशी महत्त्वाची आहे.

परिणाम मोजण्यासाठी पिट्सबर्ग झोप निर्देशांकाची प्रश्नावली भरून घेतात. तिचे गुण ० ते २१ असतात आणि ५ पेक्षा अधिक गुण म्हणजे झोपेचा दर्जा खालावलेला. माझे गुण घटले, झोप लवकर लागू लागली, पण पहाटेची जाग कायम राहिली. बिंदूंचा हळवेपणाही कमी झाला. तथापि झोप सुधारल्यामुळे तो कमी झाला की सुयांमुळे, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. निद्रानाशावरील अ‍ॅक्युपंक्चरच्या ३३ चाचण्या तपासणाऱ्या कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ मधील आढाव्यातही पुरावा पुरेसा भक्कम नसल्याचेच म्हटले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी प्रथम सुचवलेला उपचार म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार (झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत), आणि चिकित्सालयाने त्याचा साधा उल्लेखही केला नाही, ही उणीव मला गंभीर वाटते.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली असेल, तर आधी डॉक्टरांकडून कारणांची तपासणी करून घ्यावी आणि वर्तन उपचारांच्या जोडीला ही सेवा घ्यावी. जाणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत शेजारच्या जागेचे माप घेण्याचा आग्रह धरावा, तो आकडा नोंदपत्रकात लिहून घ्यावा आणि पुढची प्रत्येक तपासणी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी करून घ्यावी.