जिओहॉटस्टारची जाहिरातींसह येणारी ‘सुपर’ योजना: इंदूरच्या मराठी घराने पैसे भरावेत का?

इंदूरमध्ये मराठी वाहिन्या आपोआप मिळत नाहीत. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या घरी केबल असते, कुठे गच्चीवर डिशही असते. पण इथे सर्रास दिले जाणारे पॅक हिंदी प्रेक्षकांसाठी बांधलेले असतात आणि मराठी वाहिन्या बहुधा वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. त्यामुळे स्वस्त स्ट्रीमिंग सेवेला पैसे मोजावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरासाठी जे येते तेच इंदूरच्या घरासाठी येईल असे नाही. हे परीक्षण इंदूरच्या अशा घरापुरते आहे, जिथे संध्याकाळचा टीव्ही ज्येष्ठांच्या ताब्यात असतो, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला असतात आणि आयपीएलच्या दिवसांत रिमोटसाठी थोडी ओढाताण होते.

जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार सुरू झाले. त्या वेळी जाहीर झालेल्या दरांत तीन पायऱ्या होत्या. ‘मोबाइल’ योजना तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ रुपये. ‘सुपर’ तीन महिन्यांना २९९ आणि वर्षाला ८९९. आणि ‘प्रीमियम’ महिन्याला २९९, तीन महिन्यांना ४९९ किंवा वर्षाला १,४९९. नव्या ग्राहकांसाठी हे दर त्यानंतर बदललेले आहेत, म्हणून वाचकाने इथली हिशेबाची रीत घ्यावी आणि आकडा मात्र पैसे भरण्याच्या दिवशीचा घालावा. ‘मोबाइल’ योजना एकाच फोनवर चालते आणि टीव्हीवर दिसत नाही, त्यामुळे कितीही स्वस्त वाटली तरी घरासाठी ती विचारात घेण्यासारखी नाही. ‘प्रीमियम’मध्ये चार पडदे, जास्त स्पष्ट चित्र आणि जाहिरातींपासून सुटका मिळते, परंतु थेट प्रक्षेपणातल्या जाहिराती तिथेही राहतात. खरा विचार करायचा तो मधल्या ‘सुपर’चा, कारण ती टीव्हीवर चालते आणि एका वेळी दोन पडद्यांवर पाहता येते. इंदूरला आई आणि पुण्याला मुलगा, अशी घराची विभागणी असेल तर दोन पडदे ही नेमकी गरजेची संख्या आहे.

आता हिशेब. वर्षाचे ८९९ रुपये म्हणजे महिन्याला सुमारे ७५ रुपये, आणि बहुतेक लोक इथेच थांबून ‘केबलपेक्षा किती स्वस्त’ असे म्हणतात. ही तुलना अपुरी आहे. केबलच्या किंवा डिशच्या बिलाचे दोन भाग असतात, हे पुष्कळांना बिल वर्षानुवर्षे भरूनही ठाऊक नसते. पहिला भाग जोडणीचा, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. २०१९ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, तिच्यावर १३० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, १८ टक्के जीएसटी धरून ती १५३ रुपये ४० पैसे होत असे, आणि ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. दुसरा भाग आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचा. ज्या वाहिनीला पॅकमध्ये जागा हवी असते तिची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. याचा अर्थ असा, की तुमच्याकडे केबल आधीपासून आहे आणि ती ठेवायचीच आहे, तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन वाहिन्या प्रत्येकी कमाल दराने सुट्या घेतल्या तरी करासह पंचेचाळीस रुपयांच्या आत येतात. जिओहॉटस्टारवरचा मराठी मालिकांचा मुख्य साठा याच दोन वाहिन्यांचा आहे. म्हणजे केवळ या मालिकांसाठी केबल चालू ठेवून वर ‘सुपर’ घेणे हा स्वस्त पर्याय नसून महाग पर्याय आहे. केबलवाल्या भैयांना फोन करून ‘दोन मराठी वाहिन्या सुट्या जोडा’ असे सांगावे. ते आधी मोठा पॅक पुढे करतील, पण सुटी वाहिनी निवडण्याचा अधिकार ग्राहकाला नियमानेच दिलेला आहे.

चित्र उलटे होते ते केबल बंद करण्याची तयारी असेल तेव्हा. मग जोडणीचे दीडशे रुपये आणि न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचे पैसे, दोन्ही वाचतात, आणि ७५ रुपये खरोखर कमी ठरतात. अर्थात घरात ब्रॉडबँड आधीपासून असला पाहिजे. ३० एमबीपीएस वेगाची जोडणी ३९९ रुपये अधिक कर अशा दराने मिळते आणि पूर्ण एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे वेगाची अडचण नाही. पण केवळ मालिका पाहण्यासाठी ही जोडणी नव्याने घ्यायची झाली, तर महिन्याचा खर्च साडेपाचशेच्या जवळ जातो आणि स्वस्त सेवेचा सगळा मुद्दाच संपतो. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये. एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये दोन मालिकासुद्धा नीट पाहून होणार नाहीत. टीव्ही जुना असेल आणि त्याला इंटरनेट नसेल, तर एचडीएमआयच्या खाचेत बसणारी स्टिक घ्यावी लागते, आणि तो काही हजारांचा एकदाचा खर्चही पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरायला हवा.

पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मराठी करमणूक एका सेवेत मावत नाही. झी मराठी, झी युवा आणि झी टॉकीज यांचा साठा झी५ वर आहे, सोनी मराठीचा सोनी लिव्हवर आणि सन मराठीचा सन नेक्स्टवर. घरातल्या आजींची एक मालिका प्रवाहवर आणि दुसरी झी मराठीवर असेल, आणि तसे पुष्कळ घरी असतेच, तर एका ‘सुपर’ने काम भागत नाही. दोन सेवा घेतल्या की बचत पातळ होते आणि तीन घेतल्या की केबलच बरी होती असे म्हणायची पाळी येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी घरात प्रत्यक्ष कोणकोणत्या वाहिन्या पाहिल्या जातात हे आठवडाभर शांतपणे पाहावे. कोणाला विचारू नये, कारण विचारले की प्रत्येक जण ‘मी काय, बातम्याच बघतो’ असे सांगतो. बातम्यांसाठी तर पैसे मोजण्याचे कारणच नाही, मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात.

जाहिरातींबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ‘पैसे भरूनही जाहिराती का’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. ‘सुपर’मध्ये जाहिराती आहेत हे योजनेतच लिहिलेले आहे, कमी दर त्यांच्याच जोरावर दिला जातो. केबलवर तरी आपण जाहिरातींशिवाय काय पाहत होतो? फरक एवढाच, की दूरचित्रवाणी वाहिन्यांसाठी केबल नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा लिहिलेली आहे, तशी मर्यादा स्ट्रीमिंग सेवांना नाही. माझ्या मते मालिका पाहणाऱ्या घराने जाहिरातींसाठी ‘प्रीमियम’चे जास्तीचे पैसे देऊ नयेत. मालिकेच्या मध्यंतरात उठून कुकर लावणे, औषधाची गोळी घेणे, दार उघडणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि सासूबाईंना तर जाहिराती नसलेला भाग फार घाईघाईने संपल्यासारखा वाटतो. इंग्रजी मालिका आणि चित्रपट सलग पाहणाऱ्याचे गणित वेगळे असेल. त्याच्यासाठी मध्येच येणारी साबणाची जाहिरात हा रसभंगच आहे.

ज्येष्ठांच्या दृष्टीने जाहिरातींपेक्षा वाहिनीचा क्रमांक नाहीसा होणे जास्त जड जाते. केबलवर तीन आकडे दाबले की मालिका समोर येते, आणि ती संपली की पुढची आपोआप सुरू होते. इथे मात्र टीव्ही लावल्यावर आधी ॲप उघडायचे, मग चित्रांच्या रांगांतून आपली मालिका शोधायची, आणि ती शोधता शोधता भलताच चित्रपट सुरू व्हायचा. रिमोटवर माइकचे बटण असेल तर मालिकेचे नाव मराठीत बोलून शोधणे शिकवावे. टंकलेखनापेक्षा ते कितीतरी लवकर जमते. खाते मोबाइल क्रमांकावर आणि ओटीपीवर उघडते, तेव्हा तो क्रमांक इंदूरच्या घरातल्या माणसाचा असावा, दूरच्या मुलाचा नसावा. नाहीतर टीव्हीने पुन्हा प्रवेश मागितला, की मुलगा कचेरीतल्या बैठकीतून बाहेर येईपर्यंत मालिका थांबून राहते. मात्र एक गोष्ट या पद्धतीच्या बाजूने ठामपणे सांगता येते: चुकलेला भाग रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी पाहता येतो. ज्या घरात संध्याकाळी भजनी मंडळ, पाहुणे किंवा सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाचा प्रयोग असतो, तिथे ही सोय रोजच्या उपयोगाची आहे.

क्रिकेटच्या बाबतीत ‘सुपर’चे पारडे निश्चित जड होते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील डिजिटल प्रक्षेपणाचे हक्क आता या सेवेकडे आहेत, आणि मराठी समालोचन ऐकण्याची सोय तिथे आहे. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेल्या आणि ज्याच्या मैदानावर सेहवागने डिसेंबर २०११ मध्ये २१९ धावा काढल्या त्या शहरातल्या मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत सामना ऐकायला मिळणे ही किरकोळ गोष्ट नाही. हिंदी पॅकवर ती मिळत नव्हती. थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद मागे असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे, कारण शेजारच्या घरातला आरडाओरडा आपल्या पडद्यावरच्या षटकाराच्या आधी पोहोचतो.

तरीही एखादी सेवा आज जे दाखवते तेच ती पुढच्या वर्षी दाखवील असे धरून चालू नये, आणि याचा धडा याच सेवेच्या पूर्वेतिहासात आहे. हॉटस्टारवर पैसे भरून दिसणारी आयपीएल २०२३ मध्ये जिओसिनेमावर गेली आणि तिथे ती विनामूल्य दाखवली गेली. २०२५ मध्ये दोन्ही सेवा एक झाल्यावर ती पुन्हा पैशांच्या भिंतीआड आली. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून निघाल्या आणि जिओसिनेमामार्गे फिरून परत आल्या. त्या मधल्या काळात वार्षिक वर्गणी भरून बसलेल्या ग्राहकाला यांतले काहीही विचारले गेले नव्हते. म्हणून वर्षभरापेक्षा जास्त मुदतीचा विचार करू नये, आणि वर्षाची मुदतसुद्धा मालिका नियमित पाहणाऱ्या घरानेच घ्यावी.

आपोआप नूतनीकरणाची खूण पैसे भरतानाच पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी रक्कम खात्यातून वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे सूचनेचा संदेश वाचला नाही तर पैसे निमूट जातात. ज्येष्ठांच्या फोनवर असे संदेश वाचले जात नाहीत, हे प्रत्येक घराला माहीत आहे. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेचे पान असते, तिथे जाऊन वर्गणी घेतल्याच्या दिवशीच परवानगी रद्द करून टाकता येते आणि भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालूच राहते. वर्गणी घेणे सोपे आणि सोडणे अवघड ठेवण्याच्या युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेल्या आहेत, तेव्हा कोणत्याही सेवेत रद्द करण्याचे बटण सापडत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करण्यास संकोच करू नये.

माझा निर्णय असा: घरात ब्रॉडबँड आहे, प्रवाह आणि कलर्स मराठी याच मुख्य वाहिन्या आहेत आणि केबल बंद करण्यास घरातल्या ज्येष्ठांची संमती आहे, तर ‘सुपर’ची वार्षिक वर्गणी पैसे वसूल करते. पण केबल लगेच तोडू नये. एक महिना दोन्ही चालू ठेवून केबलचा रिमोट किती वेळा हातात घेतला जातो ते पाहावे. झी मराठीचे घर असेल तर या सेवेवर पैसे घालू नयेत. महिन्याचा कोणताच खर्च नको असेल तर डीडी फ्री डिश एकदाच बसवून घ्यावी. सह्याद्री वाहिनी तिथे मिळते. आणि ज्यांना केवळ आयपीएल पाहायची आहे, त्यांनी वर्षाची वर्गणी न भरता स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांची घ्यावी; मार्चच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही स्पर्धा बहुधा जूनच्या सुरुवातीपर्यंत आटोपते आणि अंतिम सामना त्याच मुदतीत बसतो.