मोरिनी की स्टायर? पहिलं एअर पिस्तूल घेणाऱ्या नाशिककरांसाठी

क्लबच्या पिस्तुलावर हात बसला, गुण हळूहळू वर सरकायला लागले, की घरात विषय निघतोच: आता स्वतःचं घ्यायचं, पण कोणतं? पॅरिस ऑलिंपिकनंतर हा प्रश्न मला नाशिकमध्ये फार वेळा विचारला गेला आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीचे धडे नाशकात गिरवले आणि २०२४ मध्ये रायफलचं ऑलिंपिक कांस्य आणलं. त्याच स्पर्धेत मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसोबत मिश्र अशी दोन कांस्यपदकं मिळवली. मुलं रेंजवर येतात ती हे डोळ्यांपुढे ठेवून, आणि पालकांच्या खिशाला लाखांची बात असते. म्हणून नीट सांगतो.

तुलना दोनच पिस्तुलांची करतो: स्वित्झर्लंडचं मोरिनी सीएम १६२ ईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं, आणि ऑस्ट्रियाचं स्टायर इव्हो १०, तेही मेकॅनिकल ट्रिगरचं. वॉल्थर, फाइनवर्कबाउ, पार्डिनी ही नावं कमी दर्जाची मुळीच नाहीत. पण आपल्याकडच्या रेंजवर ही दोन जास्त दिसतात. म्हणजे कोणाचं तरी हातात घेऊन बघता येतं, अडलं तर विचारायला माणूस सापडतो. पहिल्या पिस्तुलासाठी मला ही गोष्ट मोठी वाटते.

सगळे आधी विचारतात, "जास्त अचूक कोणतं?" या प्रश्नावर वेळ घालवू नका. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा आहे, पेलेट (छर्रा) ४.५ मिलिमीटरचं. शिकंज्यात पकडून मारलं तर दोन्ही पिस्तुलं एकावर एक पेलेट टाकत त्या गोलाच्या आतच राहतात. नियमही दोघांना तेच: वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. आठ आणि नऊ पडतात ते हातामुळे. तेव्हा कोणतं पिस्तूल तुमच्या हाताला कमी चुकू देतं, एवढंच बघायचं.

खरा फरक ट्रिगरमध्ये आहे. स्टायरमध्ये पहिला टप्पा मागे घेतला की बोटाला एक ठाम अडसर लागतो, आणि तिथून दाब वाढवत नेला की शॉट सुटतो. हे सगळं धातूवर धातू सरकून होतं. पहिला टप्पा किती लांब, दुसरा किती कडक, ट्रिगरची पट्टी पुढे की मागे, सगळं स्क्रूनं जुळवता येतं. मोरिनीच्या ईआयमध्ये बोटाचा दाब एका स्विचपर्यंत जातो आणि पुढचं काम बॅटरीवर होतं. सुटणं कमालीचं स्वच्छ असतं, आणि झीज किंवा तेलामुळे ट्रिगरची चाल बदलत जाण्याची भीती कमी.

मग मोरिनीच घ्यावं? थांबा. स्टायरचा ट्रिगर बिघडला किंवा कोणी स्क्रू फिरवून ठेवला, तर जाणकार सर ॲलन की घेऊन रेंजवरच तो बऱ्याचदा ताळ्यावर आणतात. सर्किट गेलं तर ते नाशिकमध्ये उघडून दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं, आणि तो भाग येईपर्यंत पोराचा सराव क्लबच्या पिस्तुलावर. उलट बाजूही सांगायला हवी. स्टायरला स्क्रू आहेत म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा दर आठवड्याला ते फिरवत बसतो, आणि वाईट शॉटचं कारण बोटात शोधायचं सोडून ट्रिगरमध्ये शोधतो. ही सवय लागली की सुटता सुटत नाही. ज्याचे हात शिवशिवतात त्याला मोरिनी जास्त मानवेल.

टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण इथे हमखास निघतं. मनू भाकरचं पिस्तूल २०२१ मध्ये पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. लोक यातून "इलेक्ट्रॉनिक नको" असा अर्थ काढतात. पण तेव्हा तुटल्याचं सांगितलं गेलं ते कॉकिंग लिव्हर, म्हणजे प्रत्येक शॉटआधी पिस्तूल सज्ज करायची दांडी, आणि लिव्हर कोणत्याही पिस्तुलाला असतोच. ६० शॉट आणि ७५ मिनिटं असा हिशेब असलेल्या स्पर्धेत बिघाड कोणत्या जातीचा याला महत्त्व नाही, तो किती लवकर निस्तरतो याला आहे.

धक्क्याबद्दल थोडक्यात. स्टायरच्या आत एक छोटं वजन असतं, ते धक्क्याच्या उलट दिशेला हलून तो शोषतं. मोरिनीत ते नाही. नवख्याला हा फरक जाणवतो, कारण शॉटनंतर फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) जागेवर राहिली की आपला नेम कुठे होता ते वाचता येतं. शिकणाऱ्यासाठी मी हा गुण स्टायरच्या पारड्यात टाकतो.

आता ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ. माझ्या मते निम्म्याहून अधिक निर्णय इथेच आहे, आणि दुकानात सगळ्यात कमी वेळ हिलाच दिला जातो. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचलून टार्गेटकडे न्या, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. माशी मागच्या खाचेच्या मधोमध असेल तर ग्रिप तुमची. दर वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली, तर मनगट वळवून जुळवू नका. साठाव्या शॉटपर्यंत मनगट तसं राहत नाही. स्टायरची ग्रिप पिस्तुलावर थोडी तिरपी, थोडी फिरवून बसवता येते, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. मोरिनीची ग्रिप ज्याच्या हातात बसते त्याच्या इतकी बसते की तो दुसरं काही मागत नाही. ही कंपनी इतरांच्या पिस्तुलांसाठीही ग्रिप बनवते ते उगीच नाही. लाकूड घासून, वुड पुट्टी भरून दोन्ही सुधारता येतात. मात्र ग्रिपनं मनगटाला आधार देता कामा नये, स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत (इक्विपमेंट कंट्रोल) तेच बघतात. हात लहान, खांदा कच्चा असेल तर दोघांच्याही आखूड आवृत्त्या मिळतात, त्या आधी बघा.

हवेचं गणित नाशिकमध्ये वेगळं मांडावं लागतं. शॉट सुटतो तो पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर, आणि हा सिलिंडर २०० बार दाबाचा. आपल्या क्लबात डायव्हिंग टँक आहे का, आणि त्याला कोणत्या कंपनीचा ॲडॉप्टर लावलेला आहे, हे खरेदीच्या आधी विचारा, कारण दोघांचे ॲडॉप्टर वेगळे. हातपंपानं भरायचं तर पावसाळ्यातली दमट हवा आत जाते आणि ओलावा सीलांपर्यंत पोहोचतो. जुलै-ऑगस्टमध्ये टँकची कोरडी हवाच बरी. पेटीत सिलिका जेल ठेवा. मोरिनी असेल तर महिनाभर वापर नसताना बॅटरी काढून ठेवा.

जुनं पिस्तूल मिळत असेल तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. मुदत दहा वर्षांची असते, आणि ती उलटलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला दोन नवे सिलिंडर घ्यावे लागले की स्वस्ताई तिथेच संपते.

परवान्याची धास्ती नको. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. बिल मात्र जपून ठेवा, वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर जाताना पेटीतच असू द्या.

मला कोणी सोळाच्या आतल्या मुलासाठी विचारलं तर मी स्टायर मेकॅनिकल सांगतो: ग्रिप मुलाबरोबर बदलते, शॉट वाचता येतो, दुरुस्ती जवळ. हाताची वाढ पूर्ण झालेला, दोन-तीन हंगाम खेळलेला नेमबाज असेल आणि मोरिनी त्याच्या हातात डोळे मिटून सरळ उभं राहत असेल, तर त्यानं स्टायरचा विचारही करू नये. आणि क्लबात सगळ्यांकडे एकाच कंपनीची पिस्तुलं असतील, तर फार मोठं कारण असल्याशिवाय दुसरीकडे वळू नका. ऐन स्पर्धेत उसना सिलिंडर शेजारच्या लेनवरूनच मिळतो.

ऑर्डर देताना ग्रिपचा आकार आणि उजवा हात की डावा, हे बिलावर लिहून घ्या. पैसे ठरवताना पेलेट, जादा सिलिंडर आणि प्रवास यांचा वर्षाचा खर्च आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेत जे बसेल तेच पिस्तूल बघायला जा.