खिशातला की खांद्यावरचा? रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स-टी५, वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत आणि दोन्ही मी सारख्याच आस्थेने वापरले आहेत. एक फुजीफिल्मचा एक्स-टी५, म्हणजे लेन्स बदलता येणारा, वरच्या श्रेणीतला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा. दुसरा रिकोचा जीआर ३, जो कुर्त्याच्या खिशात सहज मावतो. माझी भाची यंदा स्वतःच्या कमाईतून पहिला कॅमेरा घेणार आहे. "आत्या, एकच घ्यायचा असेल तर कोणता घेऊ?" असे तिने विचारले तेव्हा मी उत्तरासाठी दोन दिवस मागून घेतले, कारण पहिला कॅमेरा माणसाला पाहण्याची सवय लावतो आणि ती सवय पुढे बरीच वर्षे टिकते. हा लेख त्या दोन दिवसांत काढलेल्या टिपणांवरून लिहिला आहे.

मोठा कॅमेरा म्हणजे उत्तम चित्र आणि छोटा म्हणजे तडजोड, हा समज या जोडीपुरता तरी आधी बाजूला ठेवावा लागतो. दोन्ही कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा, साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, आहे. खिशात मावणाऱ्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत, 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. त्याची प्रत्यक्ष मापे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतात, म्हणजे क्षेत्रफळ जीआर ३ च्या सेन्सरच्या जवळजवळ एक तृतीयांश. सेन्सर जितका मोठा, तितका एकाच उजेडात त्यावर जास्त प्रकाश गोळा होतो, आणि म्हणून संध्याकाळच्या मंद प्रकाशातही सावल्यांतला तपशील टिकून राहतो. २०१९ साली बाजारात आलेला जीआर ३ बॅटरी आणि कार्डासह फक्त २५७ ग्रॅमचा आहे आणि त्यात हा मोठा सेन्सर बसवलेला आहे, ही मला आजही कौतुकाची गोष्ट वाटते.

राहता राहिला मेगापिक्सेलचा प्रश्न, कारण दुकानात सर्वांत आधी तोच आकडा सांगितला जातो. जीआर ३ चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, तर २०२२ च्या अखेरीस आलेल्या एक्स-टी५ चा ४० मेगापिक्सेलचा. हा फरक ऐकायला फार मोठा वाटतो. परंतु इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायचे ठरवले, तर पहिल्याचे चित्र २० इंच रुंद छापता येते आणि दुसऱ्याचे पावणेसव्वीस इंच. घराच्या भिंतीवर लावण्यासाठी दोन्ही पुरेशी आहेत. चाळीस मेगापिक्सेलचा खरा उपयोग होतो तो चित्राचा एखादा कोपरा कापून घ्यायचा असेल तेव्हा, आणि त्यातही दूरचा पक्षी टिपायचा असेल तेव्हा.

दोघांतला खरा फरक मला आषाढात कळला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, त्या दिवशी मी जीआर ३ घेऊन एका दिंडीबरोबर चालले. या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही. ती फिल्मच्या काळातल्या हिशोबाने २८ मिलिमीटरची, म्हणजे बऱ्यापैकी रुंद पाहणारी आहे, आणि तिला झूम नाही. चेहरा हवा असेल तर चेहऱ्याजवळ जावे लागते. दिंडीत ही मर्यादाच वरदान ठरते, कारण आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून वारकऱ्यांना पाहत नाही, टाळकऱ्यांच्या रांगेत त्यांच्याच पावलाने चालत असतो. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी माझ्या शेजारून अर्धा घाट चालली आणि तिने कॅमेऱ्याची दखलच घेतली नाही. आदल्या वर्षी मोठा कॅमेरा गळ्यात असताना तशाच एका आजींनी पदर सारखा केला, ताठ उभ्या राहिल्या आणि विचारले, "माउली, कंच्या पेपरात येणार?" त्यांचे ते छायाचित्र चांगले आले, पण त्यात वारी उरली नव्हती, कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली एक व्यक्ती तेवढी होती. कोणाच्या नकळत चोरून चित्र घ्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. मी हसून परवानगी मागते आणि कोणी नको म्हटले की कॅमेरा खाली घेते. परंतु परवानगी मिळाल्यानंतर माणूस पुन्हा आपल्या कामात रमणे महत्त्वाचे असते, आणि तळहातात झाकला जाणारा कॅमेरा समोर असेल तर तो फार लवकर रमतो.

या कॅमेऱ्यातली 'स्नॅप फोकस' नावाची सोय जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण हा कॅमेरा घेणाऱ्या पुष्कळांना ती महिनोन्महिने सापडत नाही. फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवायचे, समजा दोन मीटर, आणि अ‍ॅपर्चर एफ ८ वर ठेवायचे, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र बरेच लहान करायचे. मग शटरचे बटण अर्धे न दाबता एका दमात पूर्ण दाबले की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर थेट चित्र घेतो. रुंद लेन्समुळे त्या मांडणीत साधारण एक मीटरपासून पुढे बहुतेक सगळे स्पष्ट येते. चालत्या दिंडीत, पाय रस्त्यावर आणि नजर माणसांवर असताना, याच्यासारखी भरवशाची पद्धत मला दुसरी माहीत नाही. नेहमीचा ऑटोफोकस मात्र कमी उजेडात रेंगाळतो. संध्याकाळी मुक्कामाच्या राहुट्यांमध्ये चित्रे घ्यायची असतील तर स्नॅप फोकसवरच विसंबावे लागते.

आता दुसरी बाजू. त्याच वारीच्या काळात तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण बेलवडीला होते. मधोमध पालखी, भोवती टाळकरी आणि पताकाधारी, आणि मोकळ्या सोडलेल्या वर्तुळातून धावणारे अश्व, असे ते दृश्य असते. गर्दीच्या कडेवरून २८ मिलिमीटरच्या लेन्सने अश्व टिपणे म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या ठिपक्यासाठी धडपडणे. एक्स-टी५ ला मी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स लावली होती, जी या सेन्सरवर फिल्मच्याच हिशोबाने थेट ४५० मिलिमीटरच्या दृष्टिक्षेपापर्यंत जाते. शटर १/१००० सेकंदावर, सेकंदाला १५ चित्रांचा वेग, प्राण्याला ओळखून त्याचा माग ठेवणारा ऑटोफोकस आणि डोळ्याला लावलेला व्ह्यूफाइंडर असे सगळे जुळून आल्यावरच अश्वाचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले ते चित्र मिळाले. जीआर ३ ला व्ह्यूफाइंडर नाहीच, आणि मागचा स्क्रीन दुपारच्या उन्हात नीट दिसत नाही. जे लांब आहे आणि वेगाने हलते आहे, त्यासाठी छोट्या कॅमेऱ्याचा विचारही करू नये.

याची किंमत खांद्याला मोजावी लागते. एक्स-टी५ चे वजन बॅटरी आणि कार्डासह ५५७ ग्रॅम, १६-८० मिलिमीटरची लेन्स ४४० ग्रॅम, ७०-३०० ची आणखी ५८०. असे दीड किलोहून अधिक ओझे पाण्याच्या बाटलीसह पाली दरवाज्याने राजगडावर न्यायचे, तर तयारी लागते आणि सोबत्यांचा थोडा संयमही. माझ्या अनुभवात मोठ्या कॅमेऱ्याबरोबर बाहेर पडणे हा बेत असतो. छोट्या कॅमेऱ्याला बेत लागत नाही. भाजी आणायला जाताना, बँकेत, एसटीच्या खिडकीशी, आईच्या हातचे उकडीचे मोदक वळले जात असताना तो जवळ होता म्हणून ती चित्रे आज माझ्याजवळ आहेत. मोदकाच्या कळ्यांसाठी त्याचा मॅक्रो मोड वस्तूपासून अवघ्या सहा सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या उजेडातही हात स्थिर ठेवला तर आतली स्थिरीकरणाची यंत्रणा चित्र हलू देत नाही. वर्षअखेरीस मी छापून घेण्यासाठी चित्रे निवडली, तेव्हा निम्म्याहून अधिक चित्रे या छोट्या कॅमेऱ्याची निघाली, ही गोष्ट भाचीला सांगताना मलाही विचारात पाडून गेली.

मग मी तिला जीआर ३ घे असे का सांगितले नाही? पहिले कारण पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने छायाचित्रकारासाठी सोन्याचे असतात. घाट हिरवे होतात, ढग किल्ल्यांवर उतरतात, भातलावणी होते, वारी निघते, आणि शेवटी कास पठार फुलते. जीआर ३ ला पाणी आणि धूळ यांपासून कोणतेही संरक्षण नाही. चालू करताच त्याची लेन्स बाहेर येते आणि बंद केल्यावर आत जाते; या हालचालीतून धूळ आत शिरून सेन्सरवर बसल्याची तक्रार या मालिकेचे वापरकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. धूळ झटकण्यासाठी सेन्सरला कंप देण्याची सोय कॅमेऱ्यात आहे, परंतु तेवढ्याने न निघालेला कण घरच्या घरी काढता येत नाही, कारण लेन्स सुटत नाही; कॅमेरा दुरुस्तीला पाठवावा लागतो. माझ्या कॅमेऱ्यात अजून तसे घडलेले नाही, पण मी तो झिप असलेल्या कापडी पिशवीत घालूनच खिशात ठेवते आणि सर आली की आत टाकते. दिवे घाटात त्या दिवशी तीन वेळा तो आत गेला, आणि तिन्ही वेळा समोरचे दृश्य कोरड्या रस्त्यावरच्या दृश्यापेक्षा देखणे होते.

एक्स-टी५ ची बॉडी पावसाच्या शिंतोड्यांना आणि धुळीला दाद देत नाही. इथे एक सूचना आवर्जून करते: हे संरक्षण लेन्सलाही असेल तरच त्याचा उपयोग. फुजीफिल्मच्या ज्या लेन्सच्या नावात 'डब्ल्यूआर' (वेदर रेझिस्टंट) ही अक्षरे असतात, त्यांनाच ते असते. एकेकाळी या कॅमेऱ्यांबरोबर सर्रास मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स अतिशय गुणी असली, तरी तिला ते नाही, आणि जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

दुसरे कारण शिकण्याचे. एक्स-टी५ च्या माथ्यावर आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता), शटर स्पीड आणि एक्स्पोजर दुरुस्ती (चित्र किती उजळ यावे) यांच्या स्वतंत्र चकत्या आहेत, आणि त्याच्या बहुतेक लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी असते. कॅमेरा बंद असतानाही कोणत्या मांडणीवर आहे ते वरून पाहून कळते. शटरची चकती १/५०० वरून १/४ वर फिरवली की वाहते पाणी दुधासारखे का दिसते, हे बोटांना समजते, आणि बोटांना समजलेले डोके विसरत नाही. शिवाय ज्याला आपली आवड अजून नेमकी ठाऊक नाही, त्याला एका फोकल लेंथला, म्हणजे एकाच ठरलेल्या दृष्टिक्षेपाला, बांधून टाकणे मला पटत नाही. तिला उद्या पक्षी आवडतील, परवा माणसांचे चेहरे. चेहऱ्यांबाबत तर २८ मिलिमीटर जपूनच वापरावे लागते; जवळून घेतल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. याच कॅमेऱ्याचा २०२१ साली आलेला भाऊ, जीआर ३एक्स, ४० मिलिमीटरचा आहे आणि चेहऱ्यांसाठी अधिक सोयीचा आहे, पण अरुंद गल्लीत आणि दिंडीत त्याची चौकट मला अपुरी वाटते.

बॅटरीबाबत थोडक्यात: कंपनीच्या आकड्यांनुसार एक्स-टी५ एका चार्जमध्ये सुमारे ५८० चित्रे घेतो, जीआर ३ सुमारे २००. छोट्या कॅमेऱ्यासोबत दोन जास्तीच्या बॅटऱ्या बाळगाव्याच लागतात. त्या काडेपेटीएवढ्याच असतात, म्हणून त्याचे ओझे होत नाही. व्हिडिओसाठी जीआर ३ घेऊ नये, तो फुल एचडीवरच थांबतो. फुजीफिल्मला दोन कार्डे बसतात, त्यामुळे लग्नासारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाची प्रत दुसऱ्या कार्डावर आपोआप तयार होते.

भाचीला मी शेवटी एक्स-टी५ सांगितला, पण सोबत मोठी झूम लेन्स घेऊ नको, असेही सांगितले. २७ मिलिमीटर एफ २.८ डब्ल्यूआर ही जेमतेम ८४ ग्रॅमची चपटी लेन्स लावली की संपूर्ण कॅमेरा ६४१ ग्रॅममध्ये बसतो, पावसात चालतो आणि तिच्या कॉलेजच्या झोळीत जातो. खिशात तो जाणार नाही, हे मात्र मी तिच्यापासून लपवले नाही. ७०-३०० लागली तर माझी घेऊन जाता येईल. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात चौकशी करताना भारतातली अधिकृत वॉरंटी आहे की माल ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत वितरकाशिवाय आलेला, आहे, हे बिलावर लिहून घ्यायलाही तिला बजावले आहे.

तिने मला उलट विचारले, "आणि तुझ्याकडे एकच ठेवायचा असेल तर?" माझ्यापाशी याचे उत्तर तयार होते. पन्नाशीनंतर मला अश्वाच्या टापांपेक्षा आईचे हात अधिक वेळा टिपावेसे वाटतात, आणि त्या हातांजवळ मी रोज असते. मी जीआर ३ ठेवीन. ती खरेदीला जाण्याआधी पंधरा दिवस तो तिच्याकडे राहणार आहे, आणि त्या पंधरवड्यात तिचे मन बदलले तर माझी हरकत नाही. फक्त झिपची पिशवी मी सोबत दिली आहे.